एका बोटाचे 5 डॉलर

लढाईत एक बोट गेलं तर वर्षाला 5 डॉलर. दोन गेली तर 10, तीन गेली तर 15, चार गेली तर 20. अंगठ्यासकट पाचही गेली तर 25. पायाच्या बोटांनाही हाच भाव. एक डोळा गेला तर 30. अख्खा हात किंवा पाय गेला तर 100, दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे गेले तर 150. हात खांद्याला लटकतोय पण कामाचा उरला नाही, तर निम्मे, म्हणजे 50. हा खाटकाच्या दुकानातला दरफलक वाटेल, पण जॉर्जिया राज्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कायद्यात छापलेला हा तक्ता आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात (1861 ते 65) संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेच्या, म्हणजे कॉन्फेडरेट, फौजेतून लढलेल्या सैनिकांच्या पेन्शनचा. आणि हे त्यातल्या त्यात सोपं प्रकरण, कारण बोट नाही हे निदान समोरच्याला दिसतं. ते गोळीने उडालं की सरकी काढायच्या यंत्रात सापडलं, एवढाच वाद.

डोक्यात तिडीक जाते ती दुसऱ्या अर्जाने. हातपाय शाबूत, पण वय सत्तरीकडे झुकलेलं, नांगर धरवत नाही, घरात दाणा नाही. अशांसाठी 1894 चा निर्धन सैनिकांचा कायदा. रक्कम वर्षाला 60 डॉलर. दिवसाला साडेसोळा सेंटसुद्धा पडत नाहीत. एवढ्यासाठी म्हाताऱ्याला ज्या चाळणीतून गाळतात, त्या चाळणीतून मीठसुद्धा खाली पडणार नाही.

उत्तरेकडून लढलेल्याला केंद्र सरकार पेन्शन देतं. 1890 च्या कायद्याने 90 दिवसांची नोकरी, सन्मानाने सुटका आणि अंगमेहनत होत नाही एवढं दाखवलं की महिना 6 ते 12 डॉलर. 1907 नंतर नुसतं वय पुरलं: 62 ला 12, 70 ला 15, 75 ला 20 डॉलर, दर महिन्याला. दक्षिणवाल्याला वॉशिंग्टन छदाम देत नाही, आणि त्यात गैर काहीच नाही. गुलामगिरी टिकवायला जी फौज उभी राहिली तिची पेन्शन तिच्याशी लढलेल्यांनी का भरावी? राग तिकडे नाहीच. राग आहे तो घरच्यांवर. 1862 च्या एप्रिलमध्ये 18 ते 35 वयाच्या पोरांना सक्तीने भरती करणारे दक्षिणेचेच पुढारी. त्याच वर्षी, ज्याच्या मळ्यावर 20 गुलाम आहेत तिथल्या एका गोऱ्याला सूट देणारेही तेच. 1864 मध्ये भरतीचं वय 17 ते 50 केलं, तेव्हा कुणाकडे जन्माचा दाखला मागितला नाही. आता पेन्शनच्या टेबलावर मात्र सगळे दाखले हवेत.

अर्ज करायचा काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, ऑर्डिनरीपुढे. हा हुद्दा म्हणजे वारसा आणि मृत्युपत्रं बघणारा स्थानिक न्यायाधीश. त्याच्यासमोर शपथ घ्यायची, छापील प्रश्नांची उत्तरं द्यायची, सही येत नसेल तर फुली मारायची आणि फुलीला साक्षीदार आणायचा. नाव, जन्म, जॉर्जियात कधीपासून राहता, कुठल्या रेजिमेंटमध्ये (म्हणजे पलटणीत), तिच्यातल्या कुठल्या कंपनीत (म्हणजे तुकडीत), कधी भरती झालात, इथवर ठीक. मग येतो खरा सापळा. तुमची रेजिमेंट शरण आली तेव्हा तुम्ही तिच्यासोबत हजर होता का? नसाल तर कुठे होता, तुकडी केव्हा सोडली, कशासाठी, कुणाच्या परवानगीने, हे नेमकं आणि स्पष्ट लिहा.

नेमकं आणि स्पष्ट! 1865 च्या वसंतात त्या फौजेत नेमकं आणि स्पष्ट असं काय उरलं होतं? दक्षिणेचा सेनापती ली 9 एप्रिलला व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्सला शरण गेला. त्याच दिवशी नॉर्थ कॅरोलिनात दक्षिणेच्याच दुसऱ्या सेनापतीच्या, जॉन्स्टनच्या, फौजेच्या मोडक्या रेजिमेंटा एकत्र करून नव्या बांधत होते, म्हणजे ज्या नंबरखाली माणूस चार वर्षं लढला तो नंबरच शरणागतीच्या वेळी राहिला नाही. ती फौज 26 एप्रिलला शरण गेली, अलाबामातली 4 मेला. टेक्सासकडे तर माणसं शरणागतीची वाट न बघताच मे महिन्यात घरी चालती झाली. ॲपोमॅटॉक्सला निदान प्रत्येकाच्या हातात पॅरोलची, म्हणजे पुन्हा न लढण्याच्या वचनावर सोडल्याची, छापील चिठ्ठी पडली. बाकीच्या कितीतरी जणांना कुणी कागदच दिला नाही. तो आता तीस वर्षांनी कुठून आणायचा?

सगळ्यात जास्त अडकतो तो रजेवरचा सैनिक. 1864 च्या शरदात जखमी झाला, इस्पितळातून 60 दिवसांच्या रजेवर घरी आला. 15 नोव्हेंबरला उत्तरेचा सेनापती शर्मन अटलांटाहून निघाला आणि 21 डिसेंबरला सव्हाना घेईपर्यंत वाटेतले रूळ तापवून पिळून झाडांना गुंडाळत गेला. रेल्वे नाही, पूल नाहीत, रेजिमेंट दोन राज्यांपलीकडे. रजा संपली, माणूस घरीच. हजेरीपटावर शेरा काय? बिनपरवाना गैरहजर. कायद्याला पळून गेलेला सैनिक चालत नाही, आणि कागदावर पळालेला आणि अडकलेला सारखेच दिसतात. म्हणून या रकान्यात 'आजारी होतो' एवढंच लिहिणं म्हणजे पायावर धोंडा. कुठल्या इस्पितळातून, कुणाच्या सहीने, किती दिवसांची रजा, ती कधी संपली, परतायचा रस्ता कुठे तुटला होता, हे सगळं ओळीने लिहावं लागतं. हे त्या अंगठेबहाद्दराला सांगायला तिथे कोण बसलंय?

युद्धकैद्याची गत याहून वाईट. 1864 मध्ये कैद्यांची अदलाबदल जवळपास बंद पडली. पॉइंट लुकआउट किंवा रॉक आयलंडच्या उत्तरी कैदखान्यात थंडीने कुडकुडत ज्याने युद्ध संपण्याआधीच उत्तरेशी निष्ठेची शपथ घेतली, त्याच्या पेन्शनवर तिथेच बोळा फिरला. जून 1865 मध्ये घेतली असेल तर हरकत नाही, तेव्हा सुटण्यासाठी सगळ्यांनीच घेतली. म्हणजे तारीख बघायची, माणूस नाही.

मग साक्षीदार. सोबत नोकरी केलेला हवा. त्यालाही तेच प्रश्न: तुम्ही त्याच कंपनीत होता का, अर्जदाराने किती दिवस नोकरी केली, शरणागतीच्या वेळी तो हजर होता का, नव्हता तर कुठे होता, हे तुम्हाला कसं माहीत, त्याची मालमत्ता काय, तो जगतो कशावर, आणि शेवटी खास टोला: त्याला पेन्शन मिळण्यात तुमचा काय फायदा? आता साक्षीदार स्वतःच शरणागतीला नसेल तर 'हे कसं माहीत' याला उत्तर काय देणार? अर्जदार म्हणतो मार्चमध्ये भरती झालो, साक्षीदार म्हणतो मे, की फाइलवर शंका बसली. चाळीस वर्षांपूर्वीचा महिना! निम्मी कंपनी मातीत गेलेली, उरलेली टेक्सास नाही तर आर्कान्सासला पांगलेली. तिकडच्या अधिकाऱ्यापुढे शपथ, तिकडचा शिक्का, पत्राचे हेलपाटे. ताडून बघायला मूळ कागद म्हणाल तर ते जिंकणाऱ्यांनी वॉशिंग्टनला नेलेले. 1903 पासून तिथल्या युद्ध खात्याने एकेका दक्षिणी सैनिकाची कार्डं करायला घेतली, तेव्हा कुठे नीट पडताळणी होऊ लागली. तिकडून येणारं ठरलेलं उत्तर: अमुक तारखेला हजेरीपटावर आहे, त्यानंतरची नोंद आढळत नाही. कशी आढळेल? कितीतरी रेजिमेंटांचे शेवटचे हजेरीपटच 1864 चे. त्यात जॉर्जियाची सहावी पायदळ रेजिमेंट वेगळी, सहावी घोडदळ रेजिमेंट वेगळी, राज्याची फौज आणखी वेगळी. नाव आद्याक्षरांत आणि आडनावाचं स्पेलिंग कारकुनाच्या मर्जीने. चुकीच्या सहाव्यात शोधलं की माणूस खोटा.

पुढे दोन डॉक्टरांचं शपथपत्र. आधार तीनच: वय आणि दारिद्र्य, व्याधी आणि दारिद्र्य, अंधत्व आणि दारिद्र्य. डॉक्टरने नुसतं 'संधिवात' लिहून भागत नाही. किती वर्षांपासून, कुठल्या सांध्यात, आणि त्यामुळे स्वतःच्या कष्टाने पोट भरणं अशक्य आहे का, हे शब्द हवेत. 'अवघड आहे' लिहिलं की अवघड म्हणजे शक्य आहे!

आणि दारिद्र्याचे प्रश्न? ते तर निव्वळ अंगावरचे कपडे काढून बघणं. तुमच्याकडे काय काय आहे, किंमत किती. मागच्या दोनतीन वर्षांत काय काय होतं, त्यातलं काय विकलं, कुणाला बक्षीस दिलं. करासाठी काय दाखवलं. त्या वर्षांत तुम्हाला कुणी पोसलं, पोसायला खर्च किती आला, त्यातले स्वतः किती कमावले. घरात कोण कोण, ते कशावर जगतात. उत्तर कसंही द्या, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खेचर गहाण आहे, सावकार पुढच्या पिकावर डोळा ठेवून आहे, पण कराच्या वहीत खेचर तुमच्या नावावर, म्हणजे तुम्ही मालदार. थकलात म्हणून जमीन पोराच्या नावे केली, तर पेन्शनसाठी उधळली असा संशय. पोरगा भाकरी देतो असं सांगितलं, तर मग तुम्हाला आधार आहे की. कुणीच देत नाही म्हणावं, तर मग जिवंत कसे राहिलात? 1861 ते 65 मध्ये याच युद्धाने अमेरिकेचा कापूस अडवला आणि मुंबईच्या दलालांची चांदी झाली; तो कापूस पिकवणाऱ्याच्या हाती चाळीस वर्षांनी ही प्रश्नपत्रिका.

ऑर्डिनरी आपला दाखला जोडणार, कागद अटलांटाच्या पेन्शन कमिशनरकडे जाणार, तो नाकारणार किंवा मंजूर करणार.

राज्य बदललं तर संपलंच. पेन्शन देतं ते सध्या राहता ते राज्य, ज्याच्यासाठी लढलात ते नव्हे. टेक्सासचा कायदा आला 1899 मध्ये, महिन्याला जास्तीत जास्त 8 डॉलर, आणि अट ही की 1 जानेवारी 1880 च्या आधी टेक्सासात आलेला हवा. जॉर्जियाचा सैनिक 1882 मध्ये पोट भरायला तिकडे गेला असेल, तर जॉर्जिया म्हणतं तू इथला राहिला नाहीस, टेक्सास म्हणतं तू उशिरा आलास. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. केंटकीने कायदा केला 1912 मध्ये, मिसूरीने 1913, ओक्लाहोमाने 1915. युद्ध संपताना जो विशीत होता तो तेव्हा सत्तरीचा. नॉर्थ कॅरोलिनाने 1885 मध्ये केला, पण वर्षाची तरतूद 30,000 डॉलर, ती पात्र ठरलेल्यांत वाटायची. तीन हजार जण आले तर माणशी 10. शेजारचा म्हातारा मंजूर झाला की आपला वाटा घटला, मग कोण कुणाची साक्ष मनापासून देईल?

पैसा नव्हता म्हणावं, तर पुतळ्यांना कमी पडला नाही. दक्षिणेची युद्धकाळातली राजधानी रिचमंडला लीचा घोड्यावरचा पुतळा 1890 मध्ये उभा राहिला. अटलांटात हेन्री ग्रेडी या वृत्तपत्र संपादकाच्या पुढाकाराने वर्गणी काढून सैनिकांसाठी आश्रम बांधला, तो 1891 मध्ये तयार झाला, आणि विधिमंडळाने चालवायला घ्यायचं नाकारलं. दहा वर्षं इमारत रिकामी. 1901 मध्ये उघडला, त्याच वर्षी जळाला.

आणि ज्यांना धरून नेलं ते गुलाम? मालकाच्या मागे छावणीत स्वयंपाक, घोडे, खंदक, सगळं त्यांच्या माथी. मिसिसिपीने त्यांना 1888 पासून यादीत घेतलं. टेनेसीने 1921 मध्ये. व्हर्जिनिया आणि दोन्ही कॅरोलिनांनीही विसाव्या शतकाची विशी उजाडू दिली. मधली सगळी वर्षं या काळ्या माणसांच्या करातून गोऱ्या सैनिकांची पेन्शन गेली, त्याची शपथ कुणी कुणाला घातली नाही.

एवढं करून नाव यादीत लागलं, तरी सुटका कुठे? दर वर्षी पुन्हा ऑर्डिनरीपुढे उभं राहायचं: मी तोच, जिवंत आहे, याच राज्यात राहतो. पैसे आणायला अटलांटाला जाणं जमत नाही, म्हणून दुसऱ्याच्या नावे मुखत्यारपत्र, त्यावर पुन्हा फुली, फुलीला पुन्हा साक्षीदार. एका बोटाच्या 5 डॉलरांसाठीसुद्धा.