रिकार्डोची अट आणि पूर्व भागातले चार माग

आमच्या सोलापुरात, पूर्व भागात, ओळखीच्या एका कारखानदारांनी गेल्या महिन्यात चादरीचे चार जुने माग भंगारात काढले. नक्षी विणणाऱ्या जेकार्ड यंत्रणेच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ भंगारवाल्याने नेली नाही. ती अजून जिन्याखाली पडून आहे. अर्थशास्त्र शिकणाऱ्या त्यांच्या भाच्याने समजूत घातली, "मामा, हा तुलनात्मक लाभाचा नियम आहे. एक धंदा गेला तरी आपल्याला जमणारा दुसरा उरतोच."

त्या सिद्धांताला एक अट आहे आणि ती भाच्याच्या पाठ्यपुस्तकात बहुधा तळटिपेत गेली असावी. हा सिद्धांत मांडणाऱ्या इंग्रज अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली दिलेल्या उदाहरणात ठरावीक कापडासाठी इंग्लंडला वर्षभर १०० माणसे लागतात आणि दारूसाठी १२०. पोर्तुगालला अनुक्रमे ९० आणि ८०. पोर्तुगाल दोन्हींत सरस, पण दारूत अधिक सरस, म्हणून त्याने दारू करावी, कापड इंग्लंडकडून घ्यावे, यात दोघांचा फायदा, हे सर्वांना पाठ असते. पण मग इंग्लंडचा गिरणीमालक सरळ पोर्तुगालातच कापड का काढत नाही? रिकार्डो हा प्रश्न टाळत नाही. नजरेआड गेलेल्या पैशाची धास्ती आणि जन्मभूमी सोडण्याची नाखुशी यांमुळे भांडवल सहसा देश सोडत नाही, असे तो म्हणतो. हीच ती अट. लंडन आणि यॉर्कशायर यांच्यात मात्र ते जास्त नफ्याकडे धावते, म्हणून तिथे हा नियम लागू होत नाही, हेही तो स्पष्टपणे लिहितो.

सोलापूर म्हणजे हे यॉर्कशायर. इथला पैसा सुरतेला किंवा भिवंडीला जायला कोणाची परवानगी लागत नाही. देशाची आयात फार वाढली तर त्याचे चलन उतरू शकते, त्याचा माल बाहेर स्वस्त होतो आणि कुठला तरी धंदा टिकतो. सोलापूरचा वेगळा रुपया नसल्यामुळे इथे उतरते ती मजुरी, नाहीतर माणसे पुण्याची गाडी धरतात.

भांडवल फिरू लागले की तुलनात्मक लाभ संपतोच, असे माझे म्हणणे नाही. जमीन आणि हवामान हलत नाहीत, हातातले कसबही सहजी हलत नाही. शिवाय अर्थतज्ज्ञ रॉबर्ट मुंडेल यांनी १९५७ साली दाखवले, की काही गृहीतकांखाली भांडवलाची ये-जा व्यापाराचेच काम करते. भारताने १९९४ साली चालू खात्यावर, म्हणजे आयात-निर्यातीसारख्या व्यवहारांसाठी, रुपया परिवर्तनीय केला, म्हणजे परकीय चलनात बदलायला मोकळा केला. भांडवली खात्यावर, म्हणजे गुंतवणूक आणि कर्जाच्या व्यवहारांवर, अजून बंधने आहेत, तरी थेट गुंतवणुकीला बरीच दारे उघडी आहेत. म्हणजे रिकार्डोची अट देशाच्या सीमेवर अर्धीमुर्धी शिल्लक आहे, गावाच्या वेशीवर ती कधीच नव्हती. आणि देशासाठी मांडलेले आश्वासन आपण गावाला देत बसतो.

हे सांगितल्यावर भाचा म्हणाला, "मग माणसांनीही जावे." रिकार्डोच्या मांडणीत भांडवलाबरोबर श्रमही पोर्तुगालला जातात, तेव्हा त्याचे चूक नाही. मामांचे वय मात्र आता ५८ आहे आणि राहते घर त्या मागांच्या खोलीच्या वरच आहे.