"मुलगी देतानाही एवढं विचारत नाहीत" म्हणे!

आज संध्याकाळी लिफ्टमध्ये आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ भेटले. माझ्याबरोबर चिंगी होती, माझी पग कुत्री, टाकून दिलेल्या पगना घरं शोधून देणाऱ्या ग्रुपकडून आलेली. तिच्याकडे बघत म्हणाले, "अहो ताई, तुमच्या त्या पगवाल्या बायकांना जरा समजावा. पोराला पग हवाय म्हणून फॉर्म भरला, तर तीन पानं प्रश्न! घर भाड्याचं का, गॅलरीला जाळी आहे का, दिवसभर घरी कोण असतं. वर घर बघायला येणार म्हणे. मुलगी देतानाही लोक एवढं विचारत नाहीत. फुकटचं कुत्रं आणि माज केवढा!"

त्यांचा मजला आला, ते उतरले. मी तिथे गप्प बसले, आणि आता त्याचाच राग येतोय. म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

मुलगी देताना विचारत नाहीत, हे काय मिरवायचं आहे का हो? तेव्हा विचारलं असतं तर, म्हणून किती आया जन्मभर झुरतात, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको.

आणि फुकटचं? चिंगी कशी आली ते सांगते, मग ठरवा.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. चाकणच्या बाजूला एका कारखान्याच्या गेटशी कोणीतरी खोकं ठेवून गेलं होतं. वॉचमनने उघडलं तर आत पग. त्याने बिचाऱ्याने पाणी पाजलं, फोटो काढला, तो फिरत फिरत पग रेस्क्यूच्या ग्रुपवर आला. मी त्या ग्रुपमध्ये नव्हते. पण माझी ओळखीची एक काकू आहे, बँकेतून रिटायर झालेली, गुडघ्याला पट्टा बांधून चालते. तिचा फोन आला, "तुझी गाडी आहे ना खाली? एसी चालतो ना? मग चल." बस्स, एवढंच.

काकूने सोबत ओला टॉवेल आणला होता. बर्फ नको म्हणाली, पोट आणि पंजे ओले करायचे. ते कुत्रं तिने मांडीवर घेतलं. गोचिडी तिच्या साडीवरून चालत होत्या आणि ती एका हाताने त्याच्या तोंडातला फेस पुसत होती. मी गाडी चालवत होते, पण कान मागेच. करवत लाकडात अडकावी तसा श्वास. काकू सारखी म्हणत होती, "घे गं बाई, घे, घे." तेव्हा कळलं की कुत्री आहे.

पगचं नाक बसकं. कुत्र्यांचा उष्मा जिभेवाटे, धापा टाकून बाहेर पडतो, आणि यांना नीट धापही टाकता येत नाही. गावठी कुत्रं उन्हात सावली शोधेल, उकिरड्यावर पोट भरेल, चार दिवस निभावेल. पग रस्त्यावर एक दुपार काढू शकेलच असं नाही. डोळे इतके बाहेर की मानगुटीला धरून ओढलं तर खोबणीतून निसटतात. म्हणून यांना गळपट्टा नको, अंगाला हार्नेस लागतो. भूल देताना वेगळी काळजी घ्यावी लागते. हे सगळं ज्यांना पाठ आहे अशी माणसं लागतात, आणि तीच या एका जातीच्या रेस्क्यूमध्ये असतात. "एवढी गावठी कुत्री मरतात, यांना जातिवंतच दिसतात का," असं विचारणारे बरेच आहेत. गावठी कुत्र्यांना घरं मिळायला हवीत, ते मान्यच. काकू रोज सकाळी नाक्यावरच्या सात गावठ्यांना भात घालते, ते विचारणाऱ्यांनी पाहिलेलं नसतं.

रात्री अकरा वाजता दवाखाना. डॉक्टरांनी चिंगीला टेबलावर ठेवलं तर उभं राहता येईना. पंजे पसरलेले, नखं वाढून गोल वळलेली, दोन तर पंजाच्या गादीत रुतलेली. आयुष्यभर पिंजऱ्याच्या जाळीवर उभी राहिलेली असणार, असं डॉक्टर म्हणाले. पोटावर जुन्या टाक्यांची जाड वळी, तिच्याखाली ओघळलेली आचळं. पगच्या पिल्लांची डोकी मोठी, म्हणून बरेचदा सिझेरियन करावं लागतं. पिल्लं काढायची, विकायची, पुन्हा वेत. ते जमेना झालं, की खोकं.

यासाठी नियम आहेत बरं का. 2017 चे, केंद्र सरकारचे. बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त वेत घ्यायचं नाही, सगळ्या आयुष्यात पाचच्या वर नाही, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. आणि कुत्रं असं उपाशीतापाशी सोडून दिलं तर 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी 10 रुपये, जास्तीत जास्त 50. दोन वडापाव! वाचताना डोकं फिरतं. ज्याने ते खोकं ठेवलं तो सापडला असता तरी पन्नासाची नोट टेकवून घरी गेला असता. आणि इकडे काकू दवाखान्याच्या पायरीवर बसून, गुडघा चोळत, एकेकाला फोन लावत होती. "पाचशे जमतील का? बरं, दोनशे दे." बिल तीन हप्त्यांत फेडलं त्यांनी.

त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे सांगू? रात्रपाळी करणारा एक आयटीतला मुलगा, तो सकाळी सहाला सुटला की थेट कुत्र्याला औषध पाजायला जातो. शाळेची व्हॅन चालवणारे एक दादा. धाकट्याची बारावी असताना घरात दोन आजारी पग ठेवणारी एक बाई. यांना आपण "रिकामटेकड्या बायका" म्हणतो. रिकामा वेळ कोणाकडे आहे त्यांच्यात? हो, काही जणी फोनवर तिखट बोलतात, तेही खरंय. रात्री दोन वाजता सलाईन धरून बसलेल्या बाईला सकाळी दहाला कोणी "मेल नको, फिमेलच हवी, आणि एक वर्षाच्या आतली" असं सांगितलं, तर तीही माणूसच आहे ना.

आता जरा शांत होऊन एक लिहिते. ते मला इथे लिहायचंच नव्हतं, पण ते लिहिल्याशिवाय बाकीचं खोटं वाटेल.

2003 मध्ये हच मोबाइल कंपनीची ती जाहिरात आली, मुलामागे धावणाऱ्या पगची. आठवतेय ना सगळ्यांना? माझी मुलगी तेव्हा शाळेत. तिने हट्ट धरला आणि 2006 मध्ये आम्ही बंटीला आणलं. विकत. पेपरातली छोटी जाहिरात बघून फोन केला, तो माणूस स्वारगेटजवळ भेटला, टोपलीतून पिल्लू काढून दिलं, पैसे मोजून घेतले. पाच मिनिटांत व्यवहार. मला एकही प्रश्न विचारला नाही त्याने, आणि मीही नाही विचारला. बंटी बारा वर्षं जगला, आमचा जीव होता तो. पण त्याची आई कुठे असेल, कशी असेल, हे बारा वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही. त्या रात्री दवाखान्यात चिंगीच्या पोटावरची ती वळी बघितली तेव्हा आलं.

चिंगी पहिले तीन आठवडे आमच्याकडे बसून झोपायची. म्हणजे खरंच बसून. सोफ्याच्या कडेला हनुवटी टेकवायची, डोळे मिटायचे, मान घसरली की दचकून उठायची. मला वाटलं भीतीने. काकूने व्हिडिओ बघितला आणि म्हणाली, "आडवी झाली की तिचा श्वास अडकतो गं." नाकपुड्या जवळजवळ बंद होत्या, टाळूही मागे लोंबणारी. ऑपरेशन झालं. चौथ्या रात्री मी पाणी प्यायला उठले तर ही फरशीवर पालथी, चारी पाय पसरून, गाढ. घोरणंही कमी. मी तिथेच खाली बसून राहिले किती तरी वेळ.

आणि तरीही, ऐका, जेव्हा मी म्हटलं की आता ही माझ्याकडेच राहू दे, तेव्हा काकूने मलाही तोच तीन पानी फॉर्म दिला! तीन महिने सांभाळलेली कुत्री, रोज डोळ्यांत थेंब घालणारी मी, आणि ही माझ्या गॅलरीची जाळी हलवून बघतेय. "मुलीकडे नाशिकला गेलीस तर हिला कोण बघणार? नाव लिही. फोन नंबर लिही." मलाही राग आला होता. अगदी त्या लिफ्टमधल्या गृहस्थांसारखाच. मी म्हटलंसुद्धा, "काकू, मला विचारतेस तू हे?"

तेव्हा तिने सांगितलं. सुरुवातीला तिने एक पग आपल्या जुन्या मैत्रिणीला दिला होता, काही न विचारता. ओळखीतली, चांगल्या घरची. अकराव्या दिवशी गॅलरीतून पडला. जाळी नव्हती. म्हणून जाळीचा प्रश्न. एक घरमालकाने हाकललं म्हणून परत आली, म्हणून भाडेकरार. एक दिवाळीत फटाक्यांना घाबरून दाराच्या फटीतून पळाला तो सापडलाच नाही, म्हणून "दिवाळीत कुठे ठेवाल?" काकू एकेका प्रश्नावर बोट ठेवत होती आणि एकेका कुत्र्याचं नाव घेत होती. मी गुपचूप पेन घेतलं.

त्या गृहस्थांना पोरासाठी पग हवाय, त्यात काही वाईट नाही. माणूस वाईट नाहीच तो, आमच्या यांना ऍडमिट केलं तेव्हा तोच धावत आला होता. रविवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे, चिंगीला घेऊन. बसू सगळे मिळून, फॉर्म भरू. पोराला चिंगीचे डोळे पुसून दाखवीन, नाकावरच्या वळीत रोज कापूस कसा फिरवायचा ते दाखवीन. एवढं करूनही हवा असेल, तर काकूंकडे मी स्वतः घेऊन जाईन त्यांना.

हे टाइप करेपर्यंत ग्रुपवर नवीन आलंय, तेही इथेच टाकते. येत्या शनिवारी नाशिकहून पुण्याला कोणी स्वतःच्या गाडीने येतंय का? नऊ वर्षांचा पग आहे, साडेआठ किलो, मालक परदेशी चाललेत. गाडीत शांत बसतो. एसी चालू हवा, आणि ऊन चढायच्या आत निघणारं कोणी असेल तर फार बरं. हार्नेस आणि पिंजरा देऊ. पुण्याजवळच्या नाशिक फाट्याला मी घ्यायला येईन, कितीही वाजले तरी. मेसेज करा.