‘दुकान नाही तिथे टॅक्स नाही’ म्हणे!

अमेरिकेत ऑनलाइन विक्री करणाऱ्या मराठी बायकांमध्ये एक मेसेज फिरतोय. टेक्सासमधून स्वतःच्या वेबसाइटवर नथी विकणाऱ्या आमच्या वहिनींनीही तो ‘हे खरं का?’ विचारत पाठवला. मेसेजचं सार असं: ज्या राज्यात दुकान नाही तिथला सेल्स टॅक्स (ग्राहकाकडून घेऊन राज्याला भरायचा विक्रीकर) घ्यायचा नाही, ॲमेझॉनवर असाल तर डोक्याला तापच नाही, कपड्यांना टॅक्स नसतो, आणि तीन वर्षं नोटीस आली नाही की जुनं सगळं माफ.

पहिली गोष्ट कधीकाळी खरी होती, कबूल. 1992 च्या क्विल निकालाने तसंच ठरवलं होतं. पण 21 जून 2018 ला साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी क्विल मोडीत काढला. आता ग्राहकाच्या राज्यातली तुमची विक्री मोजतात; ती ठरलेल्या मर्यादेला पोचली की दुकान नसलं तरी तिथला टॅक्स घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात मर्यादा वर्षाला 5 लाख डॉलर. न्यू जर्सीत 1 लाख डॉलर किंवा 200 ऑर्डर. त्यातलं ‘किंवा’ नीट वाचा. 40 डॉलरच्या नथीच्या 200 ऑर्डर म्हणजे जेमतेम 8,000 डॉलर, तरी न्यू जर्सीची मर्यादा गाठली! टेक्सासमधल्या ग्राहकांकडून तर वहिनींना पहिल्या ऑर्डरपासूनच टॅक्स घ्यायचा. माल घरातच आहे ना.

ॲमेझॉनवरच्या विक्रीचा टॅक्स ॲमेझॉन घेतं, बरोबर. पण तुमचा माल त्यांच्या दुसऱ्या राज्यातल्या गोदामात पडून असेल, तर त्या राज्यात बहुधा तुमचं अस्तित्व धरलं जातं आणि तुमच्या वेबसाइटवरच्या ऑर्डरला मर्यादेची सूट उरत नाही.

कपडे? न्यू जर्सीत साडीवर टॅक्स नाही, कॅलिफोर्नियात आहे. नथ हा दागिना, कपडा नव्हे.

खरा घात चौथा मुद्दा करतो. बहुतेक राज्यांत जुना टॅक्स मागायची राज्याची मुदत मोजायची ती रिटर्न भरल्यापासून. रिटर्नच भरलं नाही तर घड्याळ चालूच होत नाही. तीन काय, दहा वर्षांचंही मागू शकतात. मर्यादा ओलांडल्यावर न्यू जर्सीत आणखी 250 नथी गेल्या, तर 6.625 टक्क्यांनी नथीमागे 2.65, म्हणजे 662.50 डॉलर. ग्राहकाकडून घेतले नाहीत तर ते तुमच्या खिशातून, वर व्याज आणि दंड.

नोटिशीची वाट बघणं म्हणूनच सगळ्यात महाग. राज्याने गाठायच्या आधी आपणहून कबुली देण्याची सोय असते: साधारण मागच्या तीन-चार वर्षांचाच टॅक्स आणि व्याज भरायचं, दंड बहुधा माफ. सल्लागारामार्फत बऱ्याच राज्यांत नाव न सांगताही बोलणी सुरू करता येतात. पत्र आलं की सहसा हे दार बंद. आणि वेबसाइटवर टॅक्सचं बटण चालू करून, नोंदणी न करताच ग्राहकांकडून पैसे घेतले असतील, तर तीन-चार वर्षांपुरतंच भरायची सवलत विसरा. ते पैसे राज्याचे. घेतला तेवढा सगळा भरावा लागतो.