पाहुणा आला, पण घरात कोणीच नाही

गेल्या महिन्यात रात्री दीडला आमच्या दाराची बेल वाजली. दारात पस्तिशीचा एक माणूस, मागे बायकोच्या खांद्यावर झोपलेलं पोर, आणि जिन्याच्या पायरीवर गुडघे चोळत बसलेल्या त्याच्या आई. "ताई, जरा पाणी मिळंल का?" नांदेडहून निघालेली माणसं, पहाटे अंबाबाईच्या दर्शनाला जायचं होतं. आमच्या वरच्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांनी मोबाईलवरून एका रात्रीसाठी घेतलेला. किल्ली दाराशेजारच्या नंबरच्या पेटीत होती, आणि ती पेटी काही केल्या उघडेना. मालक पुण्यात, फोन उचलत नव्हता.

त्यांना घरात घेतलं, हॉलमध्ये गाद्या टाकल्या, पोरासाठी दूध गरम केलं. पावणेतीनला मालकाचा फोन लागला. नंबर बदलला होता म्हणे, कळवायचं राहून गेलं.

मला त्या माणसांचा राग आला नाही. लाज वाटली. कोल्हापुरात पाहुण्याला जिन्यात बसावं लागलं, ते पण देवळापासून दहा मिनिटांवर.

घरं अशी दिवसावर, म्हणजे एकेका रात्रीच्या भाड्यानं, देणं बंदच करा, असं म्हणणारे आमच्या पेठेत बरेच आहेत. मी त्यांच्यातली नाही. शनिवार-रविवारी महाद्वार रोडला पाय ठेवायला जागा नसते. जुलै 2025 मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला. त्याच वर्षी 18 ऑगस्टला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं, आता सिंधुदुर्गापासून सोलापूरपर्यंत सहा जिल्ह्यांतले वकील आणि पक्षकार तारखेला येतात. ही सगळी माणसं झोपणार कुठं? आणि आजी, नातवंडं धरून सहा जणांच्या घराला लॉजच्या दोन वेगळ्या खोल्या सोयीच्या नसतात. त्यांना एक छप्पर लागतं, गॅस लागतो, पोराचं दूध तापवायला पातेलं लागतं. ही गरज खरी आहे.

पण आमच्या इमारतीत बारा फ्लॅट, त्यातले तीन दोन वर्षांत दिवसावर गेले. एका फ्लॅटमध्ये नर्स असलेली मुलगी आणि तिचा नवरा राहायचे. अकरा महिने संपले आणि मालकानं करार वाढवला नाही. माझ्या सासूबाईंचं बीपी ती रात्री-अपरात्री येऊन बघायची. आता तिथं रोज नवी माणसं, रोज चादरींचं धुणं, आणि सकाळी दहालाच टाकी रिकामी. वर कोण आहे हे मला माहीत नाही, मालकालाही फक्त मोबाईल नंबर माहीत.

आता कायदा बघा. तुम्ही घर अकरा महिन्यांसाठी भाड्यानं दिलंत, तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, वर पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची. परदेशी पाहुणा एक रात्र राहिला तरी चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची. आणि बार्शीचं किंवा बेळगावचं कुटुंब एका रात्रीसाठी आलं, तर आमच्या जिन्यात कोणाला विचारायची सोय नाही. पर्यटन विभागाची न्याहारी निवास योजना आहे, आणि तिचा गाभाच असा की घरमालक त्याच घरात राहतो. मला सगळा फरक तिथंच दिसतो.

आमच्या मागच्या गल्लीत एक काकू आहेत. नवरा गेल्यावर वरच्या दोन खोल्या त्यांनी पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. कोण येणार हे त्या शेजारच्या दोन घरांना आधी सांगतात. गाडी कुठं लावायची ते स्वतः कोपऱ्यापर्यंत येऊन दाखवतात. पाहुण्याला रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पाठवतात, पहाटे देवळात कुठल्या दारानं गर्दी कमी असते ते सांगतात. पोटात काही नसेल तर म्हणतात, "बाळा, आधी भाकरी खा, देवी कुठं जात नाही." त्यांच्याकडं आलेली माणसं वर्षानं परत येतात. पाहुण्याला कोल्हापूर आवडतं ते अशा माणसांमुळं. पेठेत राहणारं कोणी उरलं नाही, तर तो बघायला काय येणार?

"माझा फ्लॅट, मी काय पण करीन," असं परवा सोसायटीच्या सभेत एकानं सुनावलं. कोल्हापुरात हे बोलणं चालत नाही, कारण इथं किरणोत्सव होतो. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं आणि देवीच्या चरणांपासून वर चढतं. त्या वाटेत कोणाचा मजला, कोणाचा पत्रा, कोणाची टाकी आली की किरणं अडतात. असे अडथळे महापालिकेनं काढायला लावले आहेत, आणि गावाला ते पटलं. घर तुमचं खरं, पण वाट सगळ्यांची आहे.

आणि राहायला जागा देणं आपल्याला नवीन नाही. शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं, मग एकेका समाजाची वसतिगृहं झाली. वसतिगृहांची जननी म्हणतात या गावाला. पण त्या प्रत्येक बोर्डिंगमागे जबाबदारी घेणारी माणसं होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की दिवसावर जाणाऱ्या प्रत्येक घराची महापालिकेत नोंद हवी आणि तो नोंदणी क्रमांक दारावर आणि जाहिरातीत दिसायला हवा. मालक गावात नसेल तर पंधरा मिनिटांत पोचेल असा माणूस ठेवावा आणि त्याचं नाव, नंबर जिन्यात लावावा. एका इमारतीत अशी किती घरं, याला मर्यादा हवी. पाणी जास्त लागतं तर त्याचे पैसेही जास्त द्यावेत. आणि काकूंसारख्या, स्वतः राहून दोन खोल्या देणाऱ्यांना फी जवळजवळ नकोच, फॉर्मही एका पानाचा असावा. हप्ते फेडायला फ्लॅट दिवसावर देणाऱ्यांची अडचण मला कळते, पण एक माणूस नेमायला त्यांचा धंदा बुडत नाही.

महापालिका करेल तेव्हा करेल. येत्या रविवारी आमच्या सोसायटीच्या सभेत मी ठराव मांडणार आहे. जिन्यात जबाबदार माणसाचा नंबर, टाकीचा वेगळा हिशेब, आणि तीनाच्या वर चौथा फ्लॅट दिवसावर नाही. मसुदा पहिल्या कॉमेंटमध्ये टाकते. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, शुक्रवार पेठेतल्या ज्यांच्या इमारतीत हाच प्रश्न आहे, त्यांनी तो घ्या, त्यात भर घाला. आणि पुण्यात बसून इथले फ्लॅट चालवणारे कोणी हे वाचत असतील, तर आधी किल्लीच्या पेटीचा नंबर आजच तपासा.