शेरा : समाधानकारक

तुम्ही पुण्यात ड्रायव्हिंग स्कूल चालवता. आजवर तुमच्याकडे क्लच सोडताना गाडी बंद पाडणारी मंडळी यायची. आता गाडी झकास येणारी, पण शनिवारी रात्री मुंढव्याच्या नाकाबंदीत नळीत फुंकल्यावर यंत्राने भलताच आकडा दाखवलेली मंडळीही, लायसन निलंबित झालं म्हणून उजळणी प्रशिक्षणाला येऊ लागतील. बिचकू नका. त्यांना शिकवायचं काय, ते मागाहून बघू. आधी त्यांची नोंद कशी ठेवायची ते शिकून घ्या, कारण तपासायला येणारा साहेब नोंदच बघतो.

थोडा कायदा पाठ करा, साहेबाला चहा येईपर्यंत बोलायला लागतो. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. पहिल्यांदा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर १० हजार दंड, नाहीतर दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर १५ हजार, नाहीतर दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिला दंड दोन हजारांपर्यंत होता; बरेच जण तो बिलातच धरून चालायचे. त्याच दुरुस्तीने लायसन निलंबित झालेल्याला उजळणी प्रशिक्षण लावलं. मग ऑक्टोबर २०२० पासून नियम आला, की अपात्र ठरवलेल्या आणि रद्द झालेल्या लायसनांची सरकारी पोर्टलवर क्रमवार नोंद ठेवायची आणि चालकाच्या वर्तनावर तिथूनच लक्ष ठेवायचं. वर्तन! प्रगतिपुस्तक सुटल्यानंतर हा शब्द पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं.

कामाला लागताना पहिली गोष्ट, पासवर्ड. तो चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवा. गोपनीय असेल तर चिठ्ठी उलटी चिकटवा.

दुसरं, कागद बंद झाले असं समजू नका. एंट्री झाली की प्रिंट काढा, प्रिंटवर सही-शिक्का घ्या, ते स्कॅन करा आणि पुन्हा अपलोड करा. मूळ प्रत फाइलला लावा, झेरॉक्स वेगळी ठेवा आणि आवक-जावकची बारनिशी हाताने भरा. बारनिशी हा शब्द तर या गिऱ्हाइकांसाठीच घडवल्यासारखा आहे. आपल्याकडे प्यायला परवाना लागतो आणि चालवायलाही लागतो, पण या दोन परवान्यांच्या नोंदी एकमेकींना ओळखत नाहीत. तुम्ही ओळख करून देण्याच्या फंदात पडू नका.

आता हजेरी. इथे जरा थांबतो, कारण मेव्हण्याच्या स्कूलमध्ये मी वर्षभर एंट्री करायला बसलो होतो आणि आमची सगळी अब्रू त्या अंगठ्याच्या यंत्रावर होती. एके सकाळी पन्नाशीचे एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायांत स्वच्छ चपला. अंगठा ठेवला, लाल दिवा. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. मी म्हटलं, "काका, बोट पुसा." त्यांनी रुमाल काढला, पुसलं, ठेवलं. लाल. यंत्र बिघडलं असावं म्हणून मी माझा अंगठा ठेवून बघितला, तर टुणकन हिरवा. मग माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. अंगठा काचेवर टेकत होता, पण ठरत नव्हता. बारीक थरथर होती, स्टीलच्या पेल्यात पाणी हलावं तशी. त्यांनी मुकाट्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, दाबून ठेवलं, आणि पाचव्या खेपेला हिरवा दिवा लागला. हजर, नऊ वाजून चार मिनिटं.

रोज पिणाऱ्याचा हात सकाळी असा का कापतो, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. त्या दिवशी आमच्या अख्ख्या केंद्रात त्या माणसाच्या आजाराची दखल फक्त यंत्राने घेतली होती, चार वेळा. यंत्राच्या यादीत ती 'चुकीचा प्रयत्न' म्हणून पडली. असे चुकीचे प्रयत्न महिनाअखेरीला डिलीट करत जा, अहवाल स्वच्छ दिसतो.

पुढे 'समुपदेशनाची गरज' असा रकाना येईल. त्यात हो, नाही आणि लागू नाही असे तीन पर्याय असतील. 'लागू नाही' आधीच निवडलेलं असेल, त्याला हात लावू नका. 'हो' केलंत की कुठे पाठवलं, कधी गेला, परत आला का, असे सात नवे रकाने उघडतात. आता येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून पुण्यातच आहे. पण तिथे घरच्यांनाही बोलावून बसवतात, व्यसनी माणसांच्या बायकांचा वेगळा गट चालवतात. बायकोला बोलावलं की ती खरं बोलणार. ते टाकायला आपल्याकडे जागा कुठे आहे?

परदेशातलं कुणी सांगू लागला तर ऐकून घ्या, मनावर घेऊ नका. कॅलिफोर्नियात पहिल्या गुन्ह्याला किमान तीन महिन्यांचा, ३० तासांचा कोर्स असतो आणि दुसऱ्याला दीड वर्षापर्यंत खेचतात. वर कोर्स पुरा झाल्याचा दाखला केंद्रातून थेट लायसन खात्याकडे जातो. म्हणजे दाखला घ्यायला माणूस आपल्या दारात येणार नाही, पेढे आणणार नाही. असल्या ठिकाणी धंदा कसा वाढायचा?

तिथे व्यसनोपचाराची नोंद गुप्त ठेवायला वेगळे नियम आहेत. आपल्याकडेही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक आजार धरलेत आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. तुम्ही मात्र बॅचची यादी, नाव, मोबाइल आणि गुन्ह्याच्या तारखेसकट, स्कूलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. सगळ्यांना वेळ कळते. शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरीही त्याच ग्रुपवर असतात, त्यांनाही कळते.

कुणी म्हणेल, नोंद खोटी निघाली तर? तर कॉम्प्युटरला बोल लावू नका. २०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरला गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला आधी जामीन मिळाला, त्यातली ३०० शब्दांच्या निबंधाची अट अख्ख्या देशाला पाठ झाली. मग त्याच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. कॉम्प्युटर बाटलीवरचं लेबल वाचतो. आतलं रक्त कुणाचं, हे त्याला कुणी विचारत नाही. निबंधाचं बरं असतं, शब्द तरी मोजता येतात. त्यावरून एक सुचतं, तुमच्या कोर्सच्या शेवटीही लेखी परीक्षा ठेवा, दहा प्रश्नांची. 'दारू पिऊन गाडी चालवावी का?' हा पहिला. याचं उत्तर आजवर कुणाचं चुकलेलं मी बघितलेलं नाही. नाकाबंदीच्या रात्रीही कुणाचं चुकलं नसतं.

शिकवणाऱ्याने दोन तास काय सांगितलं याचा रकाना नाही, तेव्हा त्यावर वेळ घालवू नये. फोटो मात्र जिओटॅग लावून काढा, आणि पंखा चालू असताना काढू नका, फ्लेक्स हलतो.

राहता राहिला तो दाखला. तो द्यायला उमेदवाराच्या मोबाइलवर ओटीपी जातो. सर्व्हर दिवसभर बसलेला असतो, रात्री उठतो. ते काका तसे नेमाचे होते, सगळे तास हजर, परीक्षेत दहापैकी दहा. मी शेरा टाकला, समाधानकारक. रात्री सव्वाअकराला ओटीपी सुटला, मी फोन लावला. पलीकडे गाणं दणाणत होतं, ग्लास ठेवल्याचा आवाज आला. काका मोठ्याने म्हणाले, "थांबा हं, बाहेर येतो." मग सहा आकडे सांगितले, एकेक, सावकाश, दोनदा. आवाजात जराही थरथर नव्हती. मी टाइप करत होतो तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "अहो, गाडीची किल्ली कुणाकडे आहे?" मी एंटर दाबलं आणि स्क्रीनवर हिरवी टिक आली.