चव्वेचाळीस डिग्रीचे वळण

गेल्या दिवाळीत बोनसचा बराचसा भाग खर्चून मी एक इंजिन विकत घेतले. घरात त्याला ‘खेळण्यातले’ म्हणायला मी सक्त मनाई केली, कारण ते खेळणे नव्हते. डब्ल्यूडीएम-३ए या डिझेल इंजिनाची १:८७ प्रमाणातली ती प्रतिकृती होती. मूळ इंजिन सुमारे १७ मीटर लांब आणि हे २० सेंटिमीटरला जरासे कमी. याच घराण्यातली अल्को (मूळची अमेरिकन कंपनी) इंजिने काळा धूर ओकत कोयना एक्सप्रेस ओढताना मी सांगली स्टेशनात वर्षानुवर्षे पाहिली आहेत, त्यामुळे खोक्याचे झाकण उघडताच माझा गळा दाटून आला. बफरखाली लोंबणारे ब्रेकचे पाईप, चढायच्या पायऱ्या, शिवणाच्या दोऱ्याएवढे बारीक कठडे, सारे काही जागच्या जागी होते. ‘किंमत या बारीक कामाचीच आहे,’ असे दुकानदाराने सांगितले होते आणि किंमत बघता ते खरे असावे.

रूळ मात्र मी विकत घेतले नाहीत, कारण ते घरात होते. पुतण्याला त्याच्या पाचव्या वाढदिवसाला दिलेला रेल्वेचा संच माळ्यावर पडून होता. त्यात बारा तुकडे जोडले की पुरे वर्तुळ होई आणि त्याची त्रिज्या १८ इंच, म्हणजे ४५७ मिलिमीटर होती. दोन्ही रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर, इंजिनाचेही तेवढेच. मग आणखी काय जुळायचे राहिले, असा माझा समज होता. (जाणकार इथे हसतील, याची मला कल्पना आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याच्या ८७ पट लहान रुळांत १९ मिलिमीटरहून थोडे जास्त अंतर हवे. म्हणजे माझे ‘हुबेहूब’ इंजिन मुळातच परदेशी मापाच्या रुळांवर उभे होते. पण आंधळ्या प्रेमात एवढे चालते.)

रविवारी सकाळी चहा झाल्यावर दिवाण भिंतीला सरकवून मी हॉलच्या मधोमध वर्तुळ मांडले, मागे निळे चार डबे जोडले आणि सौभाग्यवतींना उद्घाटनाला बोलावले. इंजिन ऐटीत निघाले, तीन तुकडे पार करून गेले आणि चौथ्यावर ‘टिक्’ असा अगदी हलका आवाज होऊन आडवे झाले. हात ओला होता, तो पदराला पुसत त्या म्हणाल्या, “अहो, झालं का उद्घाटन? मग मी कुकर लावते.”

त्यानंतरचे दोन तास मी फरशीला गाल टेकून, मोबाइलचा दिवा लावून पडलो होतो. त्या स्थितीत जे दिसले, ते असे. इंजिनाखालची तीन आसांची बोगी (इथे बोगी म्हणजे डबा नव्हे, वळणारा चाकांचा सांगाडा) म्हणजे एकामागे एक अशा चाकांच्या तीन जोड्या, सरळ रेषेत ताठ. आखूड वळणावर पहिली आणि तिसरी जोडी रूळ धरते, तेव्हा मधलीला आडवे सरकायला थोडी सूट लागते. तशी सूट माझ्या इंजिनात होती, परंतु ती मापात होती. माझे वळण बेमाप होते. बोगी वळायला लागली की ज्या सुबक पायऱ्यांचे मी कौतुक केले होते, त्यांवर ती जाऊन आपटे आणि अडे. अडलेल्या बोगीचे पुढचे चाक मग बाहेरच्या रुळावर नखभर चढे, क्षणभर विचार करी आणि पलीकडे उतरे. ‘टिक्’ तो हाच. डब्यांची तऱ्हा आणखी निराळी. साडेचोवीस सेंटिमीटरचा डबा त्या वळणावर पोटाकडून सुमारे आठ मिलिमीटर आत झुके आणि दोन्ही टोके जवळजवळ तेवढीच बाहेर काढी. त्यामुळे शेजारच्या दोन डब्यांची तोंडे अबोला धरलेल्या जावांसारखी एकमेकींकडे पाठ फिरवत.

एवढ्यात शेजारचे काका आले. मिरजेला रेल्वेत रुळांच्या देखभालीवर त्यांची हयात गेलेली. चप्पल काढता काढता त्यांनी विचारले, “कर्व्ह किती डिग्रीचा धरलाय?” मी त्रिज्या सांगितली. त्यांनी पंचांगाच्या पाठीवर ४५७ ला ८७ ने गुणले, जवळपास ४० मीटर आले. मग १७५० ला त्या चाळिसाने भागले (रेल्वेत वळणाची डिग्री अशीच काढतात; डिग्री जितकी जास्त, तितके वळण आखूड) आणि पेन्सिल खाली ठेवली. “चव्वेचाळीस डिग्री! अहो, ब्रॉडगेजला दहाच्या वर परवानगी नाही. एवढ्या वळणात बैलगाडी घालायची म्हटली तरी बैल विचार करंल.”

दहा डिग्री म्हणजे १७५ मीटर त्रिज्या, आणि ८७ ने भागून माझ्यासाठी दोन मीटर. म्हणजे वर्तुळ चार मीटर रुंद, तेरा फुटांहून अधिक. आमचा हॉल अकरा फूट. उरलेले दोन फूट स्वयंपाकघराच्या बाजूने मिळतील का, असे मी फक्त विचारले. त्यावर आतून जे उत्तर आले, ते काकांसमोर आले नसते तर बरे झाले असते.

काकांनी विषय बदलला आणि मिरज–कुर्डुवाडीच्या जुन्या बार्शी लाइट रेल्वेची आठवण काढली. “७६२ मिलिमीटरचा गेज. ती गाडी वळायची. तुम्ही नॅरोगेज का नाही घेतलं?” माझ्याजवळ याला उत्तर नव्हते.

दुपारनंतर मी नेलकटर घेऊन बसलो. आधी एक पायरी काढली, गाडी सातव्या तुकड्यापर्यंत गेली. मग दुसरी काढली. मग ब्रेकचे पाईप. संध्याकाळपर्यंत ज्या ज्या बारकाव्याचे पैसे मोजले होते, तो तो मी स्वतःच्या हाताने छाटून काडेपेटीत भरला आणि तेव्हा कुठे इंजिन एक पुरा फेरा मारून आले. दुसऱ्या फेऱ्यात तिसरा डबा आतल्या बाजूला लवंडला. याच संचातले मूळचे इंजिन, चार चाकांचे, लालभडक, जगातल्या कुठल्याही रेल्वेत न सापडणारे, पुतण्याने गंमत म्हणून रुळावर ठेवले. ते चाळीस फेरे न थांबता फिरले.

शेवटी मी वळणच सोडून दिले. आणखी सरळ तुकडे आणून आता हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत एकच सरळ मार्ग टाकला आहे, आणि गाडी जाते व येते. मध्ये फक्त दोन सेंटिमीटरचा संगमरवरी उंबरा आहे. काकांनी कर्जतहून लोणावळ्याला चढणाऱ्या भोर घाटाचा १ः३७ चा चढ (३७ सेंटिमीटर पुढे गेले की एक सेंटिमीटर वर) धरून दोन्हीकडे ७४ सेंटिमीटरचे पुठ्ठ्याचे उतार करून दिले. पहिल्याच चाचणीत माझे छाटलेले इंजिन चढावर येऊन उभे राहिले आणि त्याची चाके जागच्या जागी फिरू लागली.

“कर्जत आलं,” काका म्हणाले, “मागं बँकर लावा.”

पुतण्याने लाल इंजिन बँकर म्हणून, म्हणजे मागून रेटायला, शेवटच्या डब्यामागे आणून ठेवले. त्याने मान खाली घालून रेटा दिला, आणि डब्ल्यूडीएम-३ए उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात कुकरसमोर जाऊन उभे राहिले.