लेकरांना देवाशी भांडू द्या

आज संध्याकाळी एका घरी प्रार्थनासभा होती. घरच्या कर्त्या माणसाची कंपनी दिवाळीपासून बंद. पगार नाही, पोराची फी थकलेली, नगरमध्ये राहायचं की गावाकडं जायचं तेही ठरत नाही. शेवटची प्रार्थना चालू असताना ते सात-आठ वर्षांचं पोर आईच्या मांडीत तोंड खुपसून रडायला लागलं. "मला नाही जायचं गावाला." आणि आमच्यातलेच एक ज्येष्ठ काका त्याला म्हणाले, "ख्रिस्ती मुलानं घाबरायचं नसतं. भीती सैतानाकडून येते. हस बघू!" पोर हसलं. बाहीनं नाक पुसत, मोठ्यांना बरं वाटावं म्हणून हसलं. ते हसू बघून माझं डोकं जे फिरलंय ते अजून ठिकाणावर नाही.

काकांचा हेतू वाईट नव्हता, मान्य. पण चांगल्या हेतूनं लेकराच्या तोंडावर हात ठेवला तरी त्याचा श्वास कोंडतोच ना?

माझी भाची नऊ वर्षांची होती, २०२१ च्या एप्रिलमध्ये. तिचे पप्पा दवाखान्यात, ऑक्सिजनवर. तेव्हा घरी फोन करणारा जो तो तिला सांगायचा, "तू प्रार्थना कर, देव लहान मुलांचं ऐकतो, पप्पा नक्की घरी येणार." तिनं केली. गुडघे टेकून, रोज रात्री. पप्पा आले नाहीत. मग तेच लोक तिला म्हणाले, "रडू नको, पप्पा येशूकडे सुखात आहेत." म्हणजे आधी देवाच्या नावानं परस्पर वचन द्यायचं, आणि ते मोडलं की रडायचीही बंदी! कोणी दिला हो आपल्याला हा अधिकार?

आपला मेलेला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशूला ठाऊक होतं की थोड्या वेळात आपण याला उठवणार आहोत. तरी बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात लिहिलंय, "येशू रडला." पुनरुत्थान ज्याच्या हातात आहे तो रडतो, आणि आपण नऊ वर्षांच्या पोरीला रडू नको म्हणतो.

भाची रडली नाहीच. ती पप्पांचा मोबाईल चार्ज करत बसायची. शंभर टक्के झाला की काढायचा, थोडा उतरला की परत लावायचा. संध्याकाळच्या कुटुंब-प्रार्थनेला बसायची, पण 'आमेन' म्हणायची बंद झाली. ओठ घट्ट मिटलेले आणि माझ्या आईच्या पदराचं टोक बोटांवर गुंडाळत राहायची. पोट दुखतं म्हणायची. लहान मुलांची भीती अशीच पोटातून, डोक्यातून, मध्येच ओल्या झालेल्या अंथरुणातून बोलते, आणि आपण तिला नाटकं म्हणतो.

एका रात्री ती माझ्या आईला म्हणाली, "आजी, देव तेव्हा झोपला होता का?" मला धस्स झालं. आईनं मोठ्या अक्षरांचं बायबल काढलं आणि मार्काच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचला. वादळ, तारवात पाणी शिरतंय, आणि येशू उशीवर डोकं ठेवून झोपलेला. शिष्य त्याला उठवून विचारतात, आम्ही बुडतोय, तुम्हाला काहीच काळजी नाही का? आई म्हणाली, "त्यांनी पण हेच विचारलं बघ. तुला राग आलाय ना? मग त्यालाच सांग. जोरात सांग." आणि ती पोरगी ओरडली. "माझ्या पप्पांना का नेलंस?" शेजारचे दारात आले. मग ती रडली, खूप रडली, आईच्या हातचा दूधभात खाल्ला आणि झोपली.

वादळ काही शांत झालं नाही. पुढचं वर्ष अवघड गेलं, ती आता नववीत आहे आणि अजूनही कधी कधी प्रार्थनेत गप्प बसते. पण देवाशी तिचं बोलणं तुटलं नाही. साठी ओलांडलेल्या माझ्या आईला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिनं बायबलमधली स्तोत्रं वाचली होती, बस्स.

स्तोत्रं आपण नीट वाचतो तरी का? तेविसावं तेवढं पाठ करून घेतो, त्याला बक्षीस देतो. दीडशेतली जवळपास एक तृतीयांश तर रडगाणी आहेत! तेराव्यात दावीद पहिल्या दोन वचनांतच चार वेळा "कोठवर" विचारतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. आणि वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं ते बाविसाव्याचं पहिलं वाक्य, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? हे अविश्वासाचे शब्द असतील तर बायबलमधून काढून टाका.

आता कोणीतरी पौलाच्या फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय काढणार. "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका." हो, लिहिलंय. पण वाक्य पुरं वाचा, "आपली मागणी देवाला कळवा." मुलानं भीती कळवायची तरी कशी, तुम्ही ती तोंडातच दाबल्यावर?

राग थोडा उतरलाय, म्हणून आईबापांना एक सांगते. मुलापासून खरं लपवू नका, त्याला कळतंच. "पप्पांची नोकरी गेलीय, काय होईल ते आम्हालाही माहीत नाही, पण तुला एकट्याला सोडणार नाही," एवढं पुरतं. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं. परत उठवून परत खाऊ घातलं. आधी हे करा. आणि मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, खात नसेल, बोलत नसेल तर डॉक्टरकडे न्या. त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही. मनाच्या त्रासासाठी सरकारच्या टेली मानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. फोनमध्ये ठेवा.

येत्या रविवारी संडे स्कूलमध्ये मी तेरावं स्तोत्र घेणार आहे. प्रत्येक मुलानं कागदावर आपलं 'कोठवर' लिहायचं, लिहिता येत नसेल तर चित्र काढायचं. ते कागद मी वाचणार नाही, तुम्हीही घरी खोदून विचारू नका. उपासनेच्या तासभर आधी पाठवा. आजच्या त्या पोराच्या आईला मी स्वतः फोन करतेय. खाऊ माझ्याकडे.